फाटकाचं कबूल

फौजदारी खटल्याच्या सुरुवातीला आरोपीला एक प्रश्न विचारतात: गुन्हा कबूल आहे का? वकील मंडळी या टप्प्याला 'प्ली' म्हणतात. 'आज प्ली आहे', 'प्ली झाली', 'प्लीला आरोपी आलाच नाही' ही वाक्ये कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर ऐकू येतात. बातमीदाराला त्यात काही नसते. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असते आणि ते टिपून घेईपर्यंत पुढच्या नावाचा पुकारा झालेला असतो. शिवाजीनगरला कोर्टाची बातमीदारी करताना हा प्रश्न अनेक वर्षे रोज कानांवर पडला. ज्या मोठ्या खटल्यांसाठी तिथे जायचो, त्यांतले युक्तिवाद आता आठवत नाहीत. ही लहान उत्तरे आठवतात.

दुचाकी चोरल्याच्या आरोपाखाली उभ्या असलेल्या एका तरुणाने 'गुन्हा कबूल आहे का' या प्रश्नावर शांतपणे विचारले होते, "कुठला?" त्याच्या वकिलाने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. कर्वेनगरच्या कॉलेजातला एक मुलगा, मित्राच्या वाढदिवसाला भर रस्त्यात फटाके लावल्याबद्दल आलेला, म्हणाला, "टेक्निकली नाही, सर." पाण्याच्या नळावरून शेजारणीला मारल्याचा आरोप असलेल्या एका बाईंनी प्रश्न ऐकला आणि मागे वळून त्या शेजारणीलाच विचारले, "सांगू का खरं?" शेजारीण म्हणाली, "नको." मग बाई न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, "नाही."

कायदा या बाबतीत मोठ्या मनाचा आहे. आरोप आरोपीला समजेल अशा भाषेत सांगायचा, तो समजला का हे विचारायचे, मग कबुलीचा प्रश्न. आणि आरोपीने कबुली दिलीच, तर ती शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. मधल्या काळात कायद्याची नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले, जुने वकील अजून जुनेच आकडे बोलतात. पण हा नियम होता तसाच राहिला. प्रत्यक्षात रोजच्या कामाचा रेटा इतका असतो की स्टेनोच्या संगणकावर मजकूर आधीच तयार ठेवलेला असतो. नाव तेवढे बदलायचे. उत्तराच्या जागी 'नाही' अगोदरच टाइप केलेले असते.

सदाशिव पेठेतले एक वकील माझ्या ओळखीचे होते. वय सत्तरीच्या पुढे, कोट इस्त्रीचा, बोलणे तुटक. त्यांचे ऑफिस एका इमारतीच्या तळमजल्यावर होते आणि वर स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या खोल्या. ती मुले जिन्यातून पळाली की हे छताकडे बघून म्हणायचे, "प्रशासन चाललंय." कोर्टाच्या सुटीच्या वेळी आम्ही एकत्र डबा खायचो. त्यांच्या डब्यात रोज एकच भाजी असायची आणि ते रोज झाकण उघडून आश्चर्य वाटल्यासारखे करायचे.

त्यांची एक पद्धत होती. प्लीच्या दिवशी ते अशिलाला आवाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर घेऊन जायचे आणि तिथे त्याची तालीम घ्यायचे. स्वतः बाकड्यावर ताठ बसायचे, हातात चहाचा ग्लास, समोर अशील उभा. मग न्यायाधीशाच्या आवाजात विचारायचे, गुन्हा कबूल आहे का? अशिलाने फक्त 'नाही' म्हणायचे. कुणी 'नाही साहेब, त्याचं असं झालं की' अशी सुरुवात केली की ते ग्लास खाली ठेवायचे. "कोर्टाला तुमचं चरित्र नकोय. उत्तर हवंय." पुन्हा प्रश्न. पुन्हा 'नाही'. अशिलाच्या तोंडून तो शब्द आपोआप पडायला लागेपर्यंत हे चालायचे. टपरीवाल्याला सगळे पाठ होते. गर्दी नसली की तोही मागून 'नाही' म्हणायचा. लोक बोलायला लागले की स्वतःलाच अडकवून घेतात, असा वकीलसाहेबांचा अनुभव होता.

ही तालीम एकदाच जास्त झाली. तो खटला कुत्र्याचा होता.

आरोपी खराडीच्या जुन्या गावातले एक शेतकरी आजोबा. आता तिथे शेती फारशी नाही. त्यांची बरीचशी जमीन इमारतींखाली गेली होती, पुतणे बांधकामाच्या धंद्यात होते, घरी मोठी गाडी होती. आजोबा त्या गाडीतून उतरायचे ते पांढरी टोपी, धोतर आणि हातात कापडी पिशवी अशा थाटात. घरामागचा एक तुकडा त्यांनी विकला नव्हता. तिथे दोन म्हशी, थोडी मेथी-कोथिंबीर आणि एक कुत्री होती. कुत्रीला नाव होते. ते इथे देत नाही. तिच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

त्या तुकड्याला लागून एक गल्ली जाते आणि गल्लीपलीकडे मोठी सोसायटी आहे. तिथले एक संगणक अभियंते सकाळी कानांत इअरफोन घालून गल्लीतून धावायला जायचे. एका सकाळी कुत्री फाटकातून बाहेर आली आणि त्यांच्या पोटरीला चावली. जखम खोल नव्हती, पण इंजेक्शने घ्यावी लागली. दवाखान्यातून पोलिसांना कळवले गेले, पोलिसांनी जबाब घेतला. पाळीव जनावराबाबत पुरेशी काळजी न घेतल्याचा गुन्हा आजोबांवर दाखल झाला.

असा खटला सहसा एका सकाळीत मिटतो. कबूल म्हणायचे, दंड भरायचा आणि जेवायला घरी जायचे. वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत तेच सांगितले. आजोबा म्हणाले की कबूल म्हणणार नाही. दुसऱ्या भेटीत वकीलसाहेबांनी पुन्हा समजावले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कुत्रीबद्दल सांगायला सुरुवात केली. ती किती गुणी आहे, लहान पोरे तिचे कान ओढतात तरी ती गुरगुरत नाही, म्हैस सुटली तर बोलवायला कशी येते. वकीलसाहेब त्या संध्याकाळी मला म्हणाले, "मला तिची माहिती आता तिच्या मालकापेक्षा जास्त आहे. हवं तर चारित्र्याचा दाखला देतो."

नकाराचे कारण तिसऱ्या भेटीत कळले. सोसायटीच्या बैठकीत या कुत्रीवर चर्चा झाली होती. कुणीतरी आजोबांना येऊन सांगितले होते की कोर्टात तुम्ही कबूल झालात की कुत्री कायद्याने चावरी ठरते, मग महापालिकेची गाडी येते आणि तिला घेऊन जाते. हे सांगणारा कोण होता ते आजोबांनी सांगितले नाही. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. वकीलसाहेबांनी असे काही नसते म्हणून सांगितले. आजोबा म्हणाले, "तुमचं बराबर असंल. पण गाडी आली तर तुम्ही सदाशिव पेठेत आसनार."

दंड कितीही होवो, त्याची आजोबांना फिकीर नव्हती. स्वतःच्या नावावर गुन्हा लागेल याचीही नव्हती. कुत्री घरी राहिली पाहिजे, एवढेच. वकीलसाहेबांनी मग ठरवले की नाही तर नाही, खटला चालवू. साक्षीपुरावे होतील, तारखा पडतील, वर्षे जातील. तोपर्यंत कुत्रीच म्हातारी होईल.

प्लीच्या दिवशी टपरीवर मी हजर होतो. तालीम दणक्यात झाली. आजोबांना बोलायची सवय होती, म्हणून वकीलसाहेबांनी जास्त मेहनत घेतली. प्रश्न मोठ्या आवाजात, हळू आवाजात, रागावून, प्रेमाने, सगळ्या प्रकारे विचारून झाला. आजोबा प्रत्येक वेळी एकाच सुरात 'नाही' म्हणाले. टपरीवाल्याने चहा पुढे करून विचारले, "साखर जास्त टाकू का, आजोबा?" आजोबा म्हणाले, "नाही." वकीलसाहेब समाधानाने उठले.

कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेले एक गृहस्थ बसले होते. बोलण्यातून कळले की कुत्री यांनाच चावली होती. प्लीला तक्रारदाराने यायची गरज नसते, पण फोनवर आलेल्या तारखेचा मेसेज वाचून ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. वकीलसाहेब मागे आल्यावर त्यांनी हळूच विचारले, "सर, ॲक्च्युअली मला हे इतकं वाढवायचं नव्हतं. मी कम्प्लेंट विथड्रॉ करू शकत नाही का?"

वकीलसाहेब म्हणाले, "तक्रार आता सरकारची आहे. तुम्ही फक्त चावलेले."

पुकारा झाला. आजोबा पिशवी बाकावर ठेवून पुढे गेले आणि लाकडी कठड्यामागे उभे राहिले. न्यायाधीश बाई होत्या, वयाने आजोबांच्या नातीएवढ्या. त्यांनी समोरचा कागद वाचला. आपल्या ताब्यातील कुत्र्यापासून मनुष्याच्या जीवितास संभाव्य असलेला धोका टाळण्यासाठी पुरेसा बंदोबस्त ठेवण्यात आपण हयगय केली, अशा अर्थाचे ते एक लांबलचक वाक्य होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, आरोप समजला का?

तालमीत हा प्रश्न नव्हता. आजोबा म्हणाले, "नाही."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी वर पाहिले. मराठी समजते ना, असे त्यांनी विचारले. आजोबा तितक्याच ठामपणे म्हणाले, "नाही."

मागच्या बाकांवर हशा झाला. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्या वकीलसाहेबांकडे बघून म्हणाल्या, "अशिलाला तयार करून आणलेलं दिसतंय."

वकीलसाहेब उभे राहिले. "जरा जास्त तयार झालेत, मॅडम."

यानंतर एखाद्या न्यायाधीशाने आरोप दुसऱ्यांदा वाचला असता, किंवा वकिलाकडे पाहून 'समजला' असे लिहून घेतले असते. यादी लांब होती आणि बाहेर लोक ताटकळत होते. या न्यायाधीशांनी कागद बाजूला ठेवला. आरोप समजला नाही असे आरोपी म्हणतो, तर समजावून सांगणे भाग होते. त्या साध्या बोलण्यात म्हणाल्या, "आजोबा, तुमची कुत्री एका माणसाला चावली. ती चावू नये म्हणून जी काळजी घ्यायला हवी होती ती तुम्ही घेतली नाही, असं पोलिसांचं म्हणणं आहे. केस कुत्र्यावर नाहीये. तुमच्यावर आहे."

आजोबांनी कठड्यावरचा हात काढला. बहुधा तालीम तिथे संपली. त्यांनी विचारले, "तिचं नाव हाय का कागदात?"

न्यायाधीशांनी पाने उलटली. पंचनामा पाहिला, जबाब पाहिला. "नाही. तपकिरी रंगाचा कुत्रा, एवढंच आहे."

"कुत्री," आजोबा म्हणाले.

"कुत्री."

"म्या कबूल झालो, तर तिला नेत्यात का?"

न्यायाधीशांनी उत्तर दिले. कुत्रीचे काय करायचे हा प्रश्न या कोर्टापुढे नाही आणि तिच्याबद्दल इथून कुठलाही हुकूम निघणार नाही. शिक्षा झालीच तर ती फक्त तुम्हाला होईल, असे त्यांनी सांगितले. पुढे हेही सांगितले की कबूल करायलाच हवे असे नाही. नाही म्हणालात तर खटला चालेल, तो तुमचा हक्क आहे, आणि नाही म्हटल्याबद्दल कुणी रागावणार नाही.

आजोबांनी मागे वळून वकीलसाहेबांकडे पाहिले. वकीलसाहेबांनी दोन्ही हात किंचित उघडले. म्हणजे, तुम्हीच बघा. मग आजोबांची नजर मागच्या बाकावर अभियंत्याकडे गेली. दोघांनी एकमेकांना ओळखल्यासारखी मान हलवली. आजोबा पुन्हा पुढे वळले.

"साखळी म्या सोडली व्हती," ते म्हणाले. "तिला पिल्लं झालती. बांधून ठिवलं की तिला त्यांच्यापाशी जाता यीना. म्हणून सोडली. आन् फाटक लावायचं राह्यलं. ते माझं. तिनं तिचं काम केलं."

"म्हणजे गुन्हा कबूल आहे?"

"फाटकाचं कबूल."

न्यायाधीशांनी स्टेनोला टाइप करायला सांगितले. स्टेनोच्या पडद्यावर 'नाही' हा शब्द आधीच येऊन बसला होता. तो खोडताना बोटाचा आवाज मागपर्यंत ऐकू आला. तिने आजोबांची वाक्ये एकेक करून घातली. पिल्ले झाली होती. साखळी मी सोडली. फाटक लावायचे राहिले, ते माझे. इथे ती थांबली आणि शेवटचे वाक्यही घ्यायचे का, असे तिने विचारले.

"तेही घ्या," न्यायाधीश म्हणाल्या. "आरोपीच्या शब्दांत."

शिक्षा ठरायला वेळ लागला नाही. थोडा दंड आणि न्यायालय उठेपर्यंत साधी कैद. या कैदेत कोठडी नसते. त्या दिवसाचे कामकाज संपेपर्यंत कोर्टरूममध्येच बसून राहायचे असते. आजोबांना ते कळले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. कामकाज संपायला संध्याकाळ होणार होती. ते बाकावर येऊन बसले आणि पहिल्यांदाच अस्वस्थ दिसले. दुपारी कुत्रीला भाकरी ते स्वतः घालायचे. फोन घरीच चार्जिंगला राहिला होता, वकीलसाहेबांनी बाहेर जाऊन त्यावर लावून पाहिले तर कुणी उचलले नाही, आणि घरचा दुसरा कुठलाच नंबर त्यांना पाठ नव्हता. गाडी पुतण्याने परत मागवून घेतली होती.

वकीलसाहेब त्यांच्या शेजारी बसून कुजबुजले, "आबा, इतके महिने मी कबूल म्हणा, कबूल म्हणा म्हणून कानीकपाळी ओरडतोय."

"तुम्ही फाटकाचं कवा इचारलं?"

"तुम्ही कधी विचारू दिलंत? मी कुत्रीचा स्वभाव लिहून घेत होतो."

आजोबांनी यावर मान हलवली. ते त्यांना पटले असावे.

अभियंते बॅग खांद्याला लावून निघाले होते. दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि आजोबांसमोर वाकून म्हणाले, "मी आता घरीच चाललोय. तुमच्या घरी काही सांगायचंय का?"

आजोबांनी त्यांच्याकडे, मग त्यांच्या पायाकडे पाहिले. मग अगदी हळू आवाजात सगळे सांगितले. दुपारची भाकरी ताकात कुस्करून, पाण्याचे भांडे सावलीत, मी संध्याकाळी येतो असे सांगा. अभियंत्यांनी ते फोनवर टिपून घेतले. निघताना आजोबांनी त्यांचा हात धरला.

"फाटकातनंच हाक मारा," ते म्हणाले. "आत जाऊ नका."

त्या दिवशी मी दुपारनंतर तिथेच राहिलो. बातमी काही नव्हती. आजोबा कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर सरळ बसून होते. पुढे एकेक माणूस कठड्यामागे येत होता, आरोप वाचला जात होता, प्रश्न विचारला जात होता. प्रत्येक 'नाही'ला आजोबा कान देत होते. एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा खरं बोलला." पुढच्याच्या वेळी काही बोलले नाहीत. संध्याकाळी न्यायाधीश उठल्या तेव्हा सगळ्यांबरोबर तेही उठले, आणि बसूनच राहायचे आहे की जायचे, हे कुणी सांगेल म्हणून वाट बघत राहिले. शेवटी शिपायाने हातानेच दार दाखवले.

पेपरात चार ओळी आल्या. कुत्रा चावल्याप्रकरणी एकास दंड. 'तिने तिचे काम केले' हे वाक्य मी पाठवले होते. संपादकीय डेस्कने ते काढले. त्यांचेही बरोबर होते, जागा नव्हती.

वकीलसाहेबांची तालीम पुढेही चालू राहिली, फक्त तिच्यात एक प्रश्न वाढला. ते आधी विचारायचे, आरोप समजला का? अशील 'हो' म्हणाला की ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "काय समजला, ते सांगा." यात टपरीवरचा चहा थंड व्हायचा आणि कधी कधी अशिलाला त्याच्याच खटल्यातली नवी गोष्ट आठवायची. टपरीवाला कुरकुर करायचा, कारण आता त्याला मागून उत्तर देता येत नव्हते.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी खराडीला जाणे झाले तेव्हा त्या गल्लीतून गेलो. फाटकाला जुन्या कडीच्या खाली नवी कडी बसवलेली होती आणि दोन्ही लावलेल्या होत्या. आजोबा आत म्हशीपाशी होते. त्यांनी ओळखले, पण फाटक उघडले नाही. फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही बोललो. महापालिकेची गाडी आली होती का, असे मी विचारले. आली होती, ते म्हणाले. गाडीतल्या पोरांनी लस टोचायला आल्याचे सांगितले, तरी त्यांनी फाटक उघडले नव्हते. मग कोर्टात बघितलेला तो धावणारा माणूस तिकडून चालला होता, त्याने थांबून त्या पोरांचे कागद वाचले आणि खरंच लसीचेच आहेत म्हणून सांगितले. तेव्हा उघडले. टोचून गेली गाडी.

"तिने काही केलं नाही त्यांना?"

"काय बी न्हाई," आजोबा म्हणाले. "म्या धरली व्हती."

कुत्री म्हशीच्या पायांशी सावलीत झोपली होती. तपकिरी, एका कानाला जुनी चीर. बोलणे ऐकून तिने एक डोळा उघडला, फाटकाकडे पाहिले आणि मिटला.